ओले पापड

यमुताईंनी पहिला तांदळाचा कागद सरळ कढईत सोडला. सोडणारच ना! लकडगंजातल्या दुकानदारानं "तांदळाचाच आहे काकू" म्हणून पाकीट हातात दिलेलं, आत गोल, पातळ, पांढऱ्या चकत्या. नागपूरच्या कोणत्या बाईला तो पापड वाटणार नाही? तेलात पडला तसा तो फुलून ताटाएवढा झाला आणि यमुताईंचा चेहराही तेवढाच फुलला.

"बघ वं भूमिका, कसा झाला! अन् तू म्हणते पाण्यात बुडवायचा."

"पाण्यातच बुडवायचा आई, त्या व्हिडिओत दाखवला तसा. आत भाजी भरून त्याचा रोल गुंडाळायचा. कच्चाच खातात."

"माय वं! कच्चा?"

"उन्हाळ्यात तुम्ही ओला पापड खाता ना, वाळायच्या आधी, तेल लावून? तसाच समजा."

हे मात्र पटलं. गच्चीवर घातलेले पापड वाळेपर्यंत निम्मे पोटात घालणारी बाई ती, तिला दुसरं काय सांगायला हवं? त्यांनी गॅस बंद केला आणि परातीत पाणी घेतलं.

भूमिका, त्यांची सून, नेहमीच्याच आवाजात बोलत होती. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत होतं. मघाशी ती खाली पुदिना आणायला गेली होती. ठेल्यापाशी उभी असतानाच ऋषिकेशचा, तिच्या नवऱ्याचा, फोन आला. तो नोकरीला पुण्यात. दर महिन्याला दोन दिवस घरी यायचा, आणि आज यायचा दिवस होता. गाडी कुठवर आली ते सांगत असेल असं तिला वाटलं. त्यानं सांगितलं की तो येत नाही. आज नाही आणि पुढेही नाही. ऑफिसातली एक जण आहे, वर्ष झालं, दोघं एकत्रच राहतात, वकिलाशी बोलणं झालं आहे. सगळं एका दमात, पाठ करून आल्यासारखं. आणि शेवटी म्हणाला, "आईले तूच सांग. तुले जमते असं. माह्याच्यानं नाही होणार."

वा रे बहाद्दर! संसार मोडायला जमतं, आईला सांगायला जमत नाही.

आणि भूमिका काय म्हणाली? "बरं" म्हणाली. पुदिना घेतला, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेतली, दोन काड्या वरून मागूनही घेतल्या आणि जिना चढून वर आली.

सांगायचं होतं ते साधंच होतं. या घरात माझं आता काही राहिलं नाही, एवढंच. लग्नाला चार वर्षं झाली, त्यातली बहुतेक ऋषिकेशनं पुण्यात काढली. नागपुरात बेसा भागातल्या या फ्लॅटमध्ये ती नांदली ती सासूबरोबर. पतसंस्थेतल्या नोकरीवरून ती थकून आली की चहा यमुताईंनी टाकायचा, यमुताईंचे गुडघे धरले की तेल भूमिकेनं चोळायचं, असं चाललेलं. आई तर तिची लहानपणीच गेलेली. मौद्याला भावाचं घर होतं, पण त्या घरात तिचा पलंगसुद्धा नव्हता. आता हे एक वाक्य बोललं की इथलंही सुटणार. शेवटी मुलगा तो मुलगा. कोणती आई सुनेपायी त्याला सोडते? हे सगळं तिला कळत होतं. भीती मात्र वाटत नव्हती. दाढ काढताना इंजेक्शन देतात, मग गालाला हात लावला तर दुसऱ्याचाच गाल वाटतो, तसं तिचं झालं होतं.

तिनं गाजर, काकडी, कोबी लांब लांब चिरून ठेवले. तांदळाच्या शेवया उकळून निथळत टाकल्या. चटणीचं खातं यमुताईंकडे. भाजलेले शेंगदाणे, गूळ, लसूण, लिंबू, थोडा सोया सॉस मिक्सरमध्ये घातला आणि वर भिवापुरी मिरचीचं चांगलं चमचाभर तिखट.

"ते व्हिडिओतली बाई चिमूटभर टाकते. जेवते का औषध घेते?"

भूमिका हसली. हसू आलं म्हणून नव्हे, हसायची वेळ होती म्हणून.

यमुताईंचा कागद पाण्यातून काढला की बोटांना चिकटायचा, ताणला की फाटायचा. चार फाटके रोल त्यांनी तिथंच तोंडात टाकले. "चव चांगली आहे बाप्पा, पण हे बांधायचं काम माह्या हाताचं नाही." भूमिकेचे मात्र एकामागून एक सुबक उतरत होते. कागद बुडवायचा, ताटावर पसरायचा, शेवया, भाजी, पुदिना, दोन्ही कडा आत, आणि घट्ट गुंडाळी. एकही बिघडला नाही.

"थोडे बिना पुदिन्याचे कर," यमुताई म्हणाल्या. "ऋषीले पुदिना चालत नाही."

आणि भूमिकेनं केले! हसावं की रडावं? त्याच्यासाठी वेगळं ताट काढलं, एक ठेवला, दुसरा ठेवला, तिसराही ठेवला. चौथ्यासाठी कागद पाण्यात सोडला आणि तो काढायचाच राहून गेला. परातीत त्याचा लगदा होत गेला, ती पाहत राहिली.

"अवं, लक्ष कुठं आहे?"

"आई, ऋषिकेश येत नाही."

"काहून? रात्रीची गाडी चुकली का?"

"आता कधीच येणार नाही. पुण्यात त्याची एक—"

"थांब." यमुताईंनी ओला हात वर केला. "हे कोणी सांगतलं तुले?"

"त्यानंच. मघाशी. म्हणाला, तुम्हाले मी सांगायचं."

यमुताईंनी पदराला हात पुसले, फोन घेतला, मुलाला लावला आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला.

"ऋषी, भूमिका काहीतरी सांगून राहिली होती. मी ऐकलं नाही. तू सांग."

"आई... तिनं सांगतलं असंन ना सारं."

"ते तिचं काम नाही. मुलगी पाहून आलो तवा 'आई, हीच पायजे' असं आपल्या तोंडानं बोलला होता. कोणाच्या हाती निरोप नव्हता धाडला. आता काय पायजे ते बी आपल्याच तोंडानं बोल. मी ऐकून राहिली."

तिकडे गाड्यांचे हॉर्न वाजत होते. तो दोनदा "आई" म्हणाला. मग "नंतर बोलतो" म्हणाला आणि फोन बंद झाला.

यमुताई स्टुलावर बसल्या. त्यांना सगळं कळलं होतं, न कळायला काय झालं? डोळे भरून आले होते. पोटचा पोरगा असा निघाला याची लाज आणि दुःख, दोन्ही त्यांना एकदम झालं.

"त्यानं सांगतलं नाही, म्हणजे मले माहीत नाही," त्या म्हणाल्या. "सांगायचं असंन त इथं येईन, माह्यासमोर उभा राहीन अन् सांगन. तवा बी तू इथंच असशीन. तुह्या खोलीत. समजलं?"

भूमिकेनं मान हलवली. समजलं होतं. पण अजूनही आत काहीच हललं नव्हतं, आणि आता तिला त्याचीच काळजी वाटली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ऋषिकेशच होता. तिनं उचलला.

"एक काम सांगतलं होतं तुले," तो म्हणाला. "एक. तेही धड झालं नाही तुह्याच्यानं?"

तिनं फोन कानापासून दूर धरला. तो बोलतच होता. तिनं बोट ठेवून त्याला बंद केलं. कान तापले, मग गाल, मग मानेपर्यंत सगळं तापत गेलं. तिनं ओटा घट्ट धरला.

"आई," ती म्हणाली, आणि आवाज एवढा मोठा निघाला की तीच दचकली, "आई, मले राग येऊन राहिला!"

यमुताई उठल्या आणि त्यांनी तिला पोटाशी धरलं.

"येऊ दे वं बाई," त्या म्हणाल्या. "मी कवाची वाट पाहून राहिली."