छातीवरचा लाल रानरेडा

मित्रांनो, माझी कॉलर अजून शाबूत आहे, म्हणून मी स्वतःला टीशर्ट म्हणवून घेतो. खरे तर आता मी फडके आहे. नेब्रास्कातल्या एका लहानशा गावच्या शाळेत, व्यायामाच्या खोलीत, लोखंडी दांड्यांवरचा घाम पुसणे हे माझे काम. या कामाची मला लाज वाटत नाही. लाज वाटते ती एका अधिवेशनाची, आणि तीही माझ्यापायी नव्हे, तिथल्या माणसांपायी.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. कापड गडद निळे, गळ्याशी तीन बटणे. खोक्यात घडी होऊन मी हार्मन क्रीक कॉलेजात आलो आणि तिथे यंत्राच्या सुईने माझ्या छातीवर डाव्या बाजूला लाल धाग्याने रानरेड्याचे मुंडके भरले. ते कॉलेजचे चिन्ह. टोचताना दुखले, पण खोटे कशाला सांगू, मिरवायची हौस मलाही होती.

माझा मालक व्हर्लिन टेग. कॉलेजच्या खेळाडूंकडून व्यायाम करून घेणे ही त्याची नोकरी. उजाडण्याआधी तो खोलीचे कुलूप काढी, सगळ्या दांड्या स्वतः पुसून घेई आणि मग कोणी नसताना आपल्या बैठका मारी. जी पूर्ण खाली गेली नाही ती धरायची नाही, असा त्याचा नेम होता. त्यात कधी खंड पडला नाही. ताप असला तरी नाही. मुलांनाही तोच नियम.

"कोच, गेलो की खाली!"

"गुडघ्याला विचार. मोजायची नाही."

"अहो, आईशप्पथ गेलो!"

"आईला घेऊन ये मग. तिच्यासमोर मार."

मुले त्याच्या पाठीमागे त्याची नक्कल करीत, पण बैठक मात्र पुन्हा मारीत. संघ जिंकला की गावातली माणसे येऊन माझ्यावर, म्हणजे रेड्यावर, थाप मारीत. ते माझे सुखाचे दिवस.

मग एका हंगामात फुटबॉलचा संघ सारखा हरला. मुख्य प्रशिक्षक गेला आणि नवा आला तो आपली माणसे बरोबर घेऊनच. त्या धंद्याची रीतच अशी आहे की वरचा पडला की खालचे सगळे पडतात. डिसेंबरात व्हर्लिनच्या हातात सामान भरायला एक खोके दिले आणि किल्ली काढून घेतली.

वसंतात त्याने कॅन्सस सिटीच्या अधिवेशनाला जायचे ठरवले. देशभरच्या कॉलेजांचे व्यायाम-प्रशिक्षक दरवर्षी तिथे जमतात. भाषणे होतात, पण कामाच्या गोष्टी ठरतात त्या बाहेर चालता-बोलता. ऑगस्टपर्यंत काम मिळाले नाही तर घर विकावे लागणार होते. अंगात घालायला मीच होतो, आणि माझ्यावर तर रेडा. ज्यांनी काढून टाकले त्यांचा शिक्का मिरवत दुसऱ्याकडे काम मागणे त्याला पटेना.

त्याची बायको मार्लिस मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊन बसली. "नवा घे ना एखादा," ती म्हणाली.

"चांगला आहे की हा. रेडा तेवढा काढ."

"रेडा काढीन. रेड्याची जागा कुठे घालवू?"

तिचे खरे होते. इतक्या वर्षांच्या उन्हाने आणि धुण्याने मी विटलो होतो. लाल धाग्याखालचे कापड मात्र पहिल्यासारखेच गडद राहिले होते. सगळे टाके निघाले आणि माझ्या फिकट निळ्यावर गडद निळे मुंडके राहिले, शिंगांसकट.

मित्रांनो, त्या अधिवेशनात हजारो माणसे होती आणि सगळी एकमेकांना "कोच" म्हणत होती. त्यामुळे कोणाचे नाव लक्षात ठेवायची गरज नव्हती. समोरचा आला की आधी त्याच्या छातीवरचे चिन्ह बघायचे. कॉलेज मोठे निघाले की हसायचे, लहान निघाले की मान डोलवायची, काहीच नसले की मागच्या भिंतीकडे बघायचे. मी छातीवरच असतो, म्हणून हे सगळे डोळे मी वीतभर अंतरावरून पाहिले. हाताची घडी घालून उभे राहायचे आणि दंड फुगलेले दिसावेत म्हणून मुठी आतून दाबायच्या! पन्नाशीची माणसे ही. एका ठिकाणी खेळाडू दमला आहे की नाही हे सांगणारे यंत्र विकायला होते आणि त्यापुढे रांग होती. खेळाडूलाच विचारावे, असे त्या रांगेत कोणाला सुचले नाही. जेवताना व्हर्लिन मान खाली घालून प्रार्थना करी. शेजारचे तेवढ्यात वाकून मला न्याहाळून घेत.

पहिल्याच दिवशी ब्रेंट कोलास्का भेटला. हा व्हर्लिनच्या हाताखाली शिकलेला. दांडी कशी धरायची इथपासून व्हर्लिनने त्याला शिकवलेले. आता तो एका मोठ्या विद्यापीठात होता आणि त्याच्या छातीवर सोनेरी गरुड होता.

"अरे, कोच! तुम्ही!" त्याने माझ्याकडे बघितले आणि हसू तिथेच आटोपते घेतले. "काय म्हणता? झकास ना? निवांत बोलायचंय हं आपल्याला. भेटूच!"

"कधी भेटतोस?" व्हर्लिनने विचारले.

"अहो भेटूच की!" हे तो पाठ फिरवून म्हणाला.

मला राग आला नाही. राग यायलाही समोर थोडे वजन लागते.

दुसऱ्या दिवशी मात्र नवल घडले. त्या वर्षी मोठ्या संघांमध्ये एक नवी टूम निघाली होती. निळ्यावर निळे, काळ्यावर काळे, असे जेमतेम दिसणारे चिन्ह लावायचे. लॉईड स्ट्रॅचन नावाचा एक बडा प्रशिक्षक, ज्याच्याशी दोन शब्द बोलायला माणसे खांबाआड ताटकळत, तो व्हर्लिनसमोर थबकला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागला.

"वा, काय झाक आहे! निळ्यावर निळा! हार्मन क्रीकवाल्यांना एवढी अक्कल कधी आली? आमचं बघा, जांभळ्यावर पिवळं. नुसती सर्कस! बसा हो कोच, बसा."

त्याला वाटले, व्हर्लिन अजून तिथेच आहे. मग दोघे बोलत बसले. गुडघे, पाठी, मुलांची झोप, मुलांचा आळस. स्ट्रॅचनला बोलणे आवडले. शेवटी तो जवळ सरकून म्हणाला, "माझ्याकडे एक जागा आहे. तुम्हाला तिथून उचलायचं तर फार ओढाताण होईल का हो? ऑगस्टच्या आधी आलात तर बरं."

ऑगस्टच्या आधी! मी रेड्याच्या जागेखाली व्हर्लिनचे काळीज धडधडताना ऐकत होतो. त्याला खोटे बोलावेच लागणार नव्हते. नुसते गप्प बसायचे होते.

एवढ्यात माझ्या खांद्यावर एक जड हात पडला. ब्रेंटचा. "यांच्याच हाताखाली तयार झालो मी, कोच! देवमाणूस. सोडू नका यांना!" नोकरी गेली हे याच ब्रेंटला काल माझ्याकडे बघताच कळले होते.

व्हर्लिन खाली माझ्याकडे बघून पुटपुटला, "मोजायची नाही."

"काय म्हणालात?"

"हे चिन्ह नाही, कोच. चिन्ह होतं त्याची जागा आहे ही. मला डिसेंबरात काढलं त्यांनी. बायकोनं घरी उसवलं हे."

स्ट्रॅचनने पुन्हा माझ्याकडे पाहिले. कापड तेच, मुंडके तेच. घटकेपूर्वी ज्याची झाक त्याला भुलवत होती, त्यावर आता त्याचे डोळे ठरेनात. "असं होय," तो म्हणाला. "बरं... अर्ज पाठवून ठेवा ना. आमची पोरं बघतात ते." खांद्यावरची बोटे आधी हलकी झाली, मग मनगट उचलले गेले, मग ब्रेंटने त्याच मनगटावरचे घड्याळ पाहिले. भाषणाची वेळ झाली होती. आत व्यासपीठावर कोणीसा ओरडून सांगत होता, "आपण सगळे एक कुटुंब आहोत!" आणि टाळ्यांचा कडकडाट होत होता. व्हर्लिन आपली टोपी शोधत होता.

घरी मार्लिसने विचारले, "काय झालं?"

"एक जागा मिळत होती."

"मग?"

"सांगून टाकलं."

तिने त्याच्यापुढे अंड्यांची बशी ठेवली. "बरं केलंस. पण चार दिवस उशिरा सांगितलं असतंस तर देव काही रुसला नसता."

"तू सांगितलं असतंस उशिरा?"

तिने माझ्याकडे पाहिले आणि कॉलर सरळ केली.

घर विकले गेले. मार्लिसच्या बहिणीच्या गावी दोन खोल्या मिळाल्या आणि तिथल्या शाळेत व्हर्लिनला काम मिळाले. तो सकाळी मुलांची बस चालवतो आणि दुपारी त्यांच्याकडून बैठका मारून घेतो. मी काखेत फाटलो तेव्हा त्याने माझे फडके केले, पण कॉलर आणि डावी बाजू कापली नाही.

गेल्या हिवाळ्यात ब्रेंटचा फोन आला. व्हर्लिन दांड्या पुसत होता, म्हणून त्याने आवाज मोठा करून फोन बाकावर ठेवला.

"कोच... आमचा सगळा ताफाच काढला हो. अधिवेशन आलंय तोंडावर. मार्लिसनं ते कसं उसवलं होतं?"

मी त्याच्या जागी असतो तर फोन बंद करून टाकला असता. पण मी पडलो फडके. व्हर्लिन म्हणाला, "आतल्या बाजूनं धर. एकेक टाका काप. ओढू नकोस, भोकं पडतात."

"आणि तो डाग?"

"तो राहतो."

मग ब्रेंट म्हणाला, "मग लोकांना काय सांगू?"

"काय झालं ते सांग. आणि परत आलास की इकडं जेवायला ये. मार्लिसला सांगून ठेवतो."

एवढे बोलून त्याने मला उचलले आणि राहिलेली दांडी पुसून काढली. बाहेर मुलांचा गलका ऐकू येऊ लागला होता.

मित्रांनो, जुना टीशर्ट टाकून देऊ नका. त्याचे फडके करा, तो पुष्कळ वर्षे उपयोगी पडेल. आणि पुढे कधी मोठे होऊन असल्या अधिवेशनाला गेलात, तर समोरच्या माणसाच्या छातीवरून नजर जरा वर न्या. तोंड तिथून वीतभरच वर असते. मान उचलायला फार कष्ट पडत नाहीत.