पहिल्याचं नाव

"नाव सांग पोराचं," दवाखान्यातल्या नर्सने, तबावाने, नोंदवही उघडून तिसऱ्यांदा विचारलं. देलू भिंतीकडे तोंड करून बसली होती. मागे खाटेवर तिचा सहा वर्षांचा मुलगा तापाने फणफणलेला, मान लाकडासारखी ताठ.

तबावाला उमगलं. हे पहिलं लेकरू. पहिल्याचं नाव आईने घ्यायचं नाही, त्याचं दुखलंखुपलं सासूने सांगायचं, ही हौसा जमातीची रीत. सासू लग्नाला परगावी गेलेली. दोन दिवस देलू पोराचं कण्हणं ऐकत तिची वाट पाहत बसली होती. शेवटी शेजारच्या गाढवगाडीवाल्यानेच दोघांना दवाखान्यात आणून सोडलं.

"अगं, शेजारणीला तरी बोलायचंस."

"कार्ड होतं ना, मावशी." देलूने ओढणीच्या गाठीतून लशीचं पिवळं कार्ड काढलं. "तुम्हीच म्हणाला होतात, मानेचा ताप आता गावात यायचा नाही."

म्हणाली होती खरी. पाच वर्षांपूर्वी बाहेरच्या कडुनिंबाखाली उभं राहून, नाही म्हणणाऱ्या बाप्यांशी भांडून तिने सगळं गाव टोचलं होतं. तो ताप गेलाही. आता त्याच जातीचा दुसरा जंतू माजला होता, पहिल्यापेक्षा जहाल. जुनी लस त्याला ओळखत नव्हती आणि नवी अजून गावापर्यंत पोचली नव्हती. बाजारात खाटीक तिला विचारायचा, "मावशी, पाणी टोचलंस होय गं आम्हाला?" ती मान खाली घालून पुढे जायची.

सुई देऊन झाली होती. डॉक्टरांनी पोराची पापणी उचलून पाहिली आणि तबावाला हळूच 'उशीर झाला' म्हणून ते पुढच्या खोलीकडे गेले.

तबावाचाही पहिला असाच गेला होता, सत्तावीस वर्षांपूर्वी. तिने त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती, शेवटच्या दिवशीही नाही. गाव म्हणालं होतं, बाई खंबीर आहे.

तिने नोंदवही मिटली.

"मी दारात बसते. आत कुणाला येऊ देत नाही. त्याच्या कानात त्याचं नाव घे."

"लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक माझ्यावर चिडलेलेच आहेत. अजून थोडे चिडतील."

ती उंबऱ्यावर पाठ करून बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. मग आतून एक कोरडा, सवय नसलेला आवाज आला.

"झय्यानू."

थोड्या वेळाने पुन्हा. मग थांबेचना.

तबावाने मागे न बघता वही उघडून नाव लिहिलं. पुढचा रकाना लस घेतली होती का, याचा होता. तिथे तिने 'होय' लिहिलं.