एका पावाच्या वाटेकरणी

स्पर्धा तोंडावर आली होती आणि तोफेची जोडीदारीण रुसून बसली होती. ‘तोफ’ हे नाव तिच्या बाबांनी पाडलेलं, कारण पोरगी एकदा धडाडली की थांबायचं नाव नाही. स्पॅनिशच्या स्पर्धेत दोघींनी मिळून एका शब्दाची कुळकथा सांगायची होती. एकटीला प्रवेशच नव्हता. तोफेने मात्र सगळं भाषण स्वतःकडे ठेवलं आणि मैत्रिणीला, मुंगीला, नुसता तक्ता धरायला लावला. "मी काय भिंतीतला खिळा आहे?" म्हणत मुंगी जी फणकारून गेली, ती कालपासून गप्पच.

आणि आता तीच तोफेच्या बाबांच्या बेकरीच्या दारात! आईने पाव आणायला पिटाळलं होतं म्हणे.

बाबांनी भट्टीतून पहिला पाव नुकताच काढला होता. या बेकरीत पहिला पाव विकत नसत. आत जो असेल, त्याने हाताने तोडून खायचा. बाबांनी तो सरळ मुंगीपुढे धरला.

"काका, मी गिऱ्हाईक आहे."

"उंबऱ्याच्या आत आहेस ना? तोड मग. आमच्या तोफेलाही दे, सकाळपासून नुसती धुमसतेय."

मुंगीने हाय हुय करत तुकडा तोडला आणि अर्धा तोफेच्या तळहातावर आपटला. तोफेने घास घेतला मात्र, अन् तिला हसूच फुटलं.

"अगं, आपला शब्द! कोंपान्येरो! लॅटिनमध्ये कुम म्हणजे सोबत, पानिस म्हणजे पाव. सोबत पाव खातो तो सोबती! इंग्रजीतले कंपनी, कंपॅनियन, सगळे याच पिठाचे. हे घोकून घोकून माझी जीभ झिजली गं, आणि तुलाच उपाशी ठेवलं!"

"पेटली ट्यूब?" मुंगी अजून गाल फुगवूनच. "आणि आपला पाव? तोही त्याच घरातला. पोर्तुगीजांनी आणला, नावासकट. मी परवाच शोधलं होतं. पण सांगू कधी? तू श्वास घेशील तेव्हा ना!"

तोफेने आ वासला. "हे तर सगळ्यात भारी! हे तूच सांगायचं. तक्ता मी धरते."

"उलटा धरशील."

"मग निम्मं निम्मं! लॅटिन तुझं, स्पॅनिश माझं, इंग्रजी..."

"पावाच्या वेळी तू गप्प. शपथ घे."

"शपथ!"

स्पर्धेच्या दिवशी मंचावर मुंगी पावाच्या गोष्टीपाशी पोचली तेव्हा तोफेने ओठ घट्ट दाताखाली धरले. सभागृह खळखळून हसलं, टाळ्या पडल्या, मुंगीचे कान लालबुंद झाले. आणि तोफेच्या तोंडून? एक अक्षर नाही!