बर्फाचा ट्रक आणि मास्तरांचा गुडघा

मनुष्यजातीचा खरा इतिहास चाकाचा नसून ब्रेकचा आहे. चाक काय, कुणालाही सुचलं असतं. उतारावरून धोंडा गडगडताना पाहिला की झालं. पण धावणाऱ्या गोष्टीला थांबवण्याची बुद्धी ज्याला प्रथम झाली, त्या महापुरुषापासून संस्कृतीची सुरुवात मोजायला हवी.

हा थोर विचार मास्तरांना सुचला तेव्हा त्यांचा उजवा पाय ब्रेकवर होता, पोटरीत गोळा येऊ लागला होता आणि नाकात शिंक दाटली होती. शिंकायची त्यांना भीती वाटत होती. शिंकताना माणसाचा पाय नेमका काय करतो, याचं निरीक्षण त्यांनी कधी केलं नव्हतं.

मास्तर शाळेत भूमिती शिकवत. उतारावर ठेवलेला ठोकळा त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढला होता आणि तो कधीही घसरून पहिल्या बाकावर गेला नव्हता. आज मात्र ठोकळा खरा होता: पुढे नाक आलेला, पाठीवर जाड भिंतींची पेटी असलेला, एकेकाळी बर्फाच्या लाद्या वाहणारा जुना ट्रक. उतारही खरा होता. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या समितीने बराच खल करून ट्रक मैदानाच्या वरच्या अंगाला उभे केले होते, म्हणजे त्यांच्याआड छोट्या गाड्या झाकल्या जाऊ नयेत. ट्रकची तोंडं उताराकडे होती आणि उताराच्या पायथ्याशी, मास्तरांच्या अगदी नाकासमोर, अध्यक्षांची उघड्या टपाची मोटार होती. तिला वर्षातून एकदा ऊन दाखवत, तेही रेशमी चादर बाजूला करून.

सकाळी जागेवर येऊन मास्तरांनी हँडब्रेक ओढला तेव्हा तो लोण्यातून सुरी यावी तसा वर आला. केबल तुटली होती. त्यांच्यासोबत आलेला मिस्तरी "येतोच" म्हणून नवी केबल आणायला स्कूटरवरून गेला. हा मिस्तरी "येतोच" म्हणाला की घरचे जेवून घेत.

मग मास्तरांनी गाडी गिअरमध्ये टाकली आणि घाईघाईने उतरून चाकांना दगड लावले. तेवढ्यात समितीचे सेक्रेटरी आले. या गृहस्थांच्या गळ्यात शिट्टी होती आणि ती वाजवायला ते कारण शोधत असत. त्यांनी शिट्टी वाजवली, दगड स्वतः उचलून बाजूला रचले आणि सांगितलं, "मास्तर, हे चालत्या गाड्यांचं प्रदर्शन आहे, दगडांचं नाही. जी गाडी स्वतःच्या ब्रेकवर उभी राहत नाही ती फाटकाबाहेर. नियम म्हणजे नियम."

"आमची राहते की," मास्तर म्हणाले आणि आत बसून ब्रेक दाबला. तेव्हापासून ते दाबूनच होते.

कुणी म्हणेल, गाडी गिअरमध्ये टाकायची आणि खुशाल उतरायचं. पण या ट्रकला जन्मापासून एक खोड होती. कुठलाही गिअर टाका, थोडा वेळ तो मुकाट राहायचा आणि मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून खट्कन निसटायचा. मिस्तरीने गिअरबॉक्स तीनदा उघडला आणि तीनदा हात जोडून मिटला. म्हणून मास्तरांनी डावा गुडघा गिअरच्या दांड्याला टेकवून तो रोखून धरला होता. एक पाय इकडे, एक गुडघा तिकडे, आणि मधलं सगळं शरीर, फोटोत शेवटच्या क्षणी घुसलेल्या पाहुण्यासारखं, तिरकं.

गाडी फाटकाबाहेर गेली असती तर जगाचं काही बिघडलं नसतं. मास्तरांचं बिघडलं असतं. कारण हा ट्रक सासऱ्यांचा होता आणि सासरे सहा वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हते.

सासरे बर्फाच्या कारखान्यात चालक होते. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांनी ट्रक स्वतःसाठी मागून घेतला आणि अंगणात उभा केला. पुढे त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. ते दवाखान्यात असताना जावयाने त्यांना खूश करायचं ठरवलं आणि अंगणातली सगळी अडगळ एका भंगारवाल्याला देऊन टाकली. अडगळीत ट्रकही होता. पट्टी सुटल्यावर सासरे घरी आले, त्यांनी अंगणाकडे पाहिलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं. काहीच नाही हे त्यांना अगदी स्वच्छ दिसलं.

त्या दिवसापासून जेवायला शेजारी बसले तरी ते मुलीला म्हणत, "तुझ्या नवऱ्याला सांग, ताट सरकव."

मास्तरांनी ट्रक शोधून काढला. भंगारवाल्याला तो कापता आला नव्हता, म्हणून त्याने त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. पुढचे सगळे रविवार मास्तर आणि मिस्तरी त्या खुराड्याचा परत ट्रक करत होते. घरी फक्त बायकोला ठाऊक होतं. तिचीच अट होती: "तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. सांगितलंत तर बाबा म्हणतील, कुठला तरी दुसरा आणून मला गंडवतोय. त्यांचं त्यांना ओळखू द्या."

आणि आता ती वडिलांना घेऊन मैदानात आली होती.

मास्तरांना ते दोघं काचेतून लांबूनच दिसले. सासरे हात मागे बांधून, एकेका गाडीसमोर थांबत, पाहुण्याघरच्या मुली बघितल्यासारखे बघत चालले होते. पावाच्या तीनचाकी गाडीपाशी थांबले. पुढून फ्रिजसारखं दार उघडणाऱ्या इवल्याशा मोटारीत वाकून पाहिलं आणि मान हलवली. जुन्या शववाहिकेजवळ बरीच मोकळी जागा होती. तिथे त्यांनी पाऊल जरा उचललं.

इतक्यात गळ्यात कॅमेरे अडकवलेले दोघे हौशी ट्रकला भिडले.

"अरे, बर्फाचा! मूळ पेटीसकट! काका, असा एक तरी अजून शिल्लक असेल का हो?"

"नसावा," मास्तर दात आवळून म्हणाले.

"खाली या ना. तुमचा गाडीसोबत एक फोटो."

"मी इथेच बरा आहे."

"अहो, लाजताय काय!"

"लाजत नाही. मला... मला ही जागा आवडते."

ते दोघं एकमेकांकडे बघत पुढे गेले. "मालक जरा विक्षिप्त दिसतो," एक जण म्हणाला. मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं. ब्रेकचं पेडल मऊ लागत होतं. जोर तेवढाच ठेवला, तरी पेडल पायासकट हळूहळू खाली चाललं होतं, लिफ्टसारखं. कुठेतरी ब्रेकचं तेल गळत होतं.

सासरे आले आणि ट्रकच्या बरोब्बर पुढ्यात उभे राहिले.

सासऱ्यांच्या अंगावर ट्रक घालण्याचा विचार बऱ्याच सज्जन जावयांच्या मनाला शिवून जात असेल. मास्तरांना तो कधीही शिवला नव्हता. आज तो ट्रकच्या मनात आला होता.

बायको पुढे होऊन खुणा करू लागली: उतरा, उतरा. मास्तरांनी डोळ्यांनी खूण केली: त्यांना हटव. बायकोला वाटलं नवरा भावनाविवश झाला. ती खिडकीशी आली.

"अहो, उतरा की! बाबा बघतायत."

"उतरता येत नाही. हँडब्रेक गेलाय."

"कुठे गेलाय?"

"तुटलाय! पायाचाही चाललाय. त्यांना आधी बाजूला घे."

"आत्ता कुठे नीट बघायला थांबलेत!"

"अगं, हा उतार आहे!"

बायकोने पायथ्याकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा," ती शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली, "सावलीत या ना जरा."

"सावलीत काय आहे?" सासरे जागचे हलले नाहीत. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. "रंग झकास. आपला होता तसाच आहे. पण आपला नव्हे."

"का नव्हे?"

"आपल्याच्या डाव्या मडगार्डला पोचा होता. दारावर ओरखडा होता. याला बघ, नव्या नवरीसारखा चकचकीत. आपला गेला भंगारात, सांग तुझ्या नवऱ्याला."

मास्तरांनी डाव्या मडगार्डकडे पाहिलं. मडगार्डचा पोचा त्यांनी स्वतः चार रविवार ठोकून काढला होता. दारावरचा ओरखडा लांबीचा लगदा भरून, घासून, तीन हात रंग देऊन असा मिटवला होता की मिस्तरीनेसुद्धा टाळी दिली होती. ज्या ज्या खुणेवरून म्हाताऱ्याने ट्रक ओळखला असता, ती ती खूण त्यांनी जिवाचं रान करून पुसली होती. सहा वर्षांपूर्वीही त्यांनी मेहनत घेऊन असंच काहीतरी नाहीसं केलं होतं.

सासरे वळले. मग जाता जाता सहज त्यांची नजर काचेआडच्या माणसावर गेली आणि ते थांबले.

"हा असा का बसलाय?"

"कसा?" बायको म्हणाली.

"तिरका."

त्याच क्षणी पेडल तळाला टेकलं. ट्रक हलला. वीतभरच, पण टायरखालचं गवत दबल्याचा आवाज मास्तरांना कवटीच्या आत ऐकू आला. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर रोवले आणि अंगातलं सगळं बळ गुडघ्यात आणलं. दांडा गुडघ्याखाली थरथरू लागला. निसटण्याआधी तो असाच थरथरायचा.

"बाबा!" बायको किंचाळली.

सासरे बाजूला झाले नाहीत. त्यांनी तळहात बॉनेटवर ठेवला आणि हळू आवाजात, दटावल्यासारखं म्हणाले, "ए. थांब."

ट्रक थांबला. तो गुडघ्याने थांबला की दटावणीने, हे भूमितीने सांगता येत नाही.

म्हातारा बाजूने फिरून दुसऱ्या दाराशी आला आणि त्या वयाला न शोभेल अशा चपळाईने वर चढून आत बसला. खिडकीतून मुलीला म्हणाला, "तुझ्या नवऱ्याला सांग, गुडघा काढू नको." मग आपला उजवा गुडघा त्याने पलीकडून दांड्याशी आणला, नेमका कुठे टेकवायचा हे न बघताच, आणि मास्तरांच्या गुडघ्याला लगटून दाबला. थरथर बंद झाली.

"तीस वर्षं," सासरे समोर बघत म्हणाले; कुणाला म्हणाले ते कळलं नाही. "तीस वर्षं मी याच्यात असा तिरका बसलो. अजून गुडघा दुखतो."

शिट्टी वाजली. सेक्रेटरी धावत आले. "ओ आजोबा! प्रेक्षकांना गाडीत बसायची परवानगी नाही! गाडी फाटकाबाहेर काढावी लागेल!"

"मी प्रेक्षक नाही," सासरे म्हणाले. "चालक आहे."

बायकोने तोवर पदर खोचला होता. सेक्रेटरींनी रचलेल्या ढिगातून तिने दोन दगड उचलले, एक या चाकाला लावला, एक त्या चाकाला, आणि हात झटकत म्हणाली, "आता काढा आमची गाडी फाटकाबाहेर. तुम्हीच ढकला."

सेक्रेटरींनी ट्रककडे, मग पायथ्याशी असलेल्या अध्यक्षांच्या मोटारीकडे पाहिलं. शिट्टी तोंडातच राहिली. "राहू द्या," ते म्हणाले. "दगड तसे वाईट दिसत नाहीत."

ट्रक आता जागचा हलणार नव्हता. दांडा धरून ठेवण्याची काही गरज उरली नव्हती. पण मास्तरांनी गुडघा काढला नाही आणि सासऱ्यांनीही काढला नाही. दोघं समोरच्या काचेतून उताराकडे बघत बसले. बायको खिडकीशी उभी होती. तिने डोळे पुसले आणि पुन्हा ते भरू दिले. सासऱ्यांनी घसा साफ केला. सहा वर्षं तुंबलेलं आता बाहेर येणार, म्हणून मास्तरांनी श्वास रोखला.

सासरे वळले. मुलीकडे नाही, सरळ त्यांच्याकडे.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुमच्या बाजूची काच तेवढी वर करता का? मानेला वारा लागतोय."