छपराची अक्षरं

चीनमधल्या शीचांग शहरातल्या ज्या कचेरीत आमच्या नुओसू भाषेची अक्षरं कॉम्प्युटरमध्ये घालायचं काम सुरू झालं, तिथे जिमू शागामो आणि मी समोरासमोर बसायचो. मी अक्षरांना क्रमांक द्यायचे, ती अक्षरं काढायची. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने एकेक घर काळं करत. "वळणाचं अक्षर या घरांत बसवायचं म्हणजे मेंढीला शिडी चढवायची," असं ती वैतागून म्हणायची.

पहिला छापील कागद तिने हौसेने घरी नेला. तिची आई साक्षरता वर्गात, नातवंडं झाल्यावर वाचायला शिकलेली. दुसऱ्या दिवशी शागामो आली ती तोंड पाडून.

"आई अडखळली. जिथे जिथे छप्पर होतं, तिथे."

छप्पर म्हणजे अक्षराच्या डोक्यावरची कमान. ती आली की सूर बदलतो, सुराबरोबर अर्थही. आमच्या छपाईत ती अक्षराला चिकटून शाईचा डाग वाटत होती.

आमचे प्रमुख लाजेकाका म्हणाले, "त्यात काय एवढं? कमान एकदाच वेगळी काढ. हवी तिथे मशीन ठेवेल. कामही वाचेल."

"काका, तुमचा फेटा माझ्या डोक्यावर बसेल?" शागामोने विचारलं.

"कसा बसेल? तुझं डोकं आधीच आभाळाला टेकलंय!"

सगळे हसले. शागामोने मात्र तीच कमान दोन अक्षरांवर छापून त्यांच्यापुढे ठेवली. एकावर ती अधांतरी लोंबत होती, दुसऱ्याच्या टोकात रुतली होती. काकांचं हसू मावळलं.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"छपराचं प्रत्येक अक्षर स्वतंत्र काढायचं, त्याला स्वतःचा क्रमांक द्यायचा. आणि बाकीची थोडी बुटकी करायची. नाहीतर ओळीत छपरवाली तेवढी वाकून उभी दिसतात."

"बाकीची म्हणजे? झालेली सगळी?"

"सगळी."

मी कपाळाला हात लावला. ती खोडरबर शोधत होती.

मशालींचा सण आला. आम्ही डोंगरावर नाचून, कपड्यांना धुराचा वास घेऊन परतलो, तर ही एका हातात कुट्टूची भाकरी धरून दुसऱ्याने घरं काळी करत बसलेली. पापण्या सुजलेल्या. माझ्याच्याने ते झालं नसतं.

थंडी पडली तेव्हा काम संपलं. तिची आई उकडलेले बटाटे घेऊन कचेरीत आली. आम्ही तिच्या हातात मेंढ्यांच्या रोगावरचं छापील पत्रक दिलं. लोकरीची घोंगडी सावरत ती वाचू लागली. कुठे न थांबता, शेवटच्या ओळीपर्यंत.

"वाचलं," ती म्हणाली. "पण औषध मिठातून द्यायचं की पाण्यातून, ते सांगायला विसरलात की रे!"

लाजेकाका खो खो हसले. शागामो खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, बराच वेळ.

पुढे जगभरच्या कॉम्प्युटरांसाठी आमच्या लिपीला क्रमांक मिळाले. त्यातही छपराच्या अक्षरांना आपापली स्वतंत्र जागा आहे. मी धावत जाऊन शागामोला सांगितलं, तर म्हणते कशी, "बरं झालं. आता एकेका अक्षराला घरं पुष्कळ मिळतील. कुणीतरी माझ्यापेक्षा सुरेख वळण काढा."