गच्चीवरची लाल चादर

वाघजाईच्या माथ्यावरून अंबरनाथ दिसतं, असं कुमुदिनीबाई चाळीस वर्षं सांगत आल्या होत्या. शाळेत असताना त्या तिथे चढल्या होत्या आणि आपल्या माहेरच्या घराचं कौल न् कौल त्यांनी वरून ओळखलं होतं म्हणे. नणंद वृंदा ते ऐकून ऐकून विटली होती.

बदलापूरहून भीमाशंकराकडे रानातून जाणारी लांबलचक पायवाट आहे, तिच्यावरचा हा पहिला माथा. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात निवृत्त मंडळींचा जथा तिथवर निघाला, तेव्हा वृंदानं पैज लावली.

"वहिनी, अंबरनाथ दिसलं तर मी गप्प. नाही दिसलं, तर ही गोष्ट यापुढे एकाही मंगळागौरीला सांगायची नाही."

कुमुदिनीबाईंची मंगळागौर तर त्या गोष्टीवरच उभी असायची! त्यांनी नवऱ्याला बजावलं, "अहो, अकराला आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवर जा आणि लाल सोलापुरी चादर हलवत राहा."

माथा आला. चहूकडे झाडंच झाडं! अंबरनाथ राहू दे, पुढच्या माणसाची टोपी दिसेना.

"काय वहिनी?"

"झाडं वाढलीत मेली. थांबा वन्सं." बाई खडकावर चढल्या, टाचा उंचावल्या, फांदी बाजूला सारली. मागे दुसरी फांदी. "दिसली! ती बघा लाल!"

"कुठंय?"

"ती काय, पानांच्या पलीकडे! चष्मा बदला तुमचा."

वृंदानं सरळ मोबाइल काढून भावाला लावला. बाळासाहेबांचा आवाज असा, की फोन हातभर लांब धरला तरी साऱ्या जथ्याला ऐकू यावा.

"बाळदादा, चादर हलवतोयस ना?"

"कुठली हलवतोय! गच्चीला कुलूप. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि तो गेलाय उल्हासनगरला पडद्याचं कापड घ्यायला. चादर मांडीवर घेऊन जिन्यात बसलोय."

सगळे खो खो हसले. कुमुदिनीबाईंनी फोन हिसकावला.

"अहो, माझी अब्रू गेली इथे!"

"मग हलवू का जिन्यातच? हे बघ, हलवली. दिसली?"

बाईंनी झाडांकडे बघितलं, वृंदाकडे बघितलं.

"दिसली," त्या हळूच म्हणाल्या.

वृंदा हसता हसता मटकन खाली बसली, तिला दोघांनी धरून उठवलं.

शब्द म्हणजे शब्द. पुढच्या मंगळागौरीला कुमुदिनीबाई तोंड मिटून बसल्या. मध्यरात्र झाली, फुगड्या दमल्या, तेव्हा वृंदाच म्हणाली, "वहिनी, ती नको. पण जिन्यातली सांगा की!"

तेव्हापासून जिन्यातलीच चालते. तिच्यात झाडं दरवर्षी थोडी थोडी वाढतात.