माठाजवळची जागा

शालिग्राम नानांनी टेम्पोतून उतरवलेला रंगाचा डबा उचलला, खांद्यावर घेतला आणि आपल्या जिन्याकडे चालू लागले. नूतनला त्यांच्या मागे धावावं लागलं.

"नाना, तो डबा समोरच्या इमारतीचा आहे."

"समोरना कसा?" नाना थांबले नाहीत. "गच्ची आमनी तपस, नि रंग त्यासले?"

"तुमची इमारत या वर्षीच्या कामात नाही."

आता ते थांबले. डबा त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर बसले. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून सुटल्यापासून वसाहतीतल्या लग्नांत आणि भांडणांत लोक त्यांनाच पुढे करत. पुढे होण्याची त्यांना सवय होती.

"कोन म्हनस?"

"मोजणीत निघालं. तुमच्याकडचं वरचं घर बाकीच्यांपेक्षा गार आहे."

"वरलं म्हंजे भिकुबाईनं?" नाना मोठ्यानं हसले. वर कठड्याशी उभ्या असलेल्या बायकांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "अवं बाई, तिना घरमा पापड भाजाले चूल लागत नही!"

डबा मागण्याचं धाडस नूतनला झालं नाही.

सोनगीरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत ही घरकुल वसाहत होती. चार मजली इमारती, वर उघडा स्लॅब, सावलीला एक झाड नाही. रहिवाशांना न हलवता घरं थंड करायची आणि विजेचं बिल उतरवायचं, अशी ही योजना होती. गच्चीवर ऊन परतवणारा पांढरा लेप, मागच्या भिंतीत झरोका, कमी विजेवर फिरणारे पंखे. कागदावर काम सोपं होतं. प्रत्यक्षात कोणाकडे रात्रपाळीचा माणूस दुपारी झोपलेला असे, कोणाकडे गच्चीवर कुरडया वाळत असत, कोणाला भिंत फोडायला अमावास्या चालत नसे. योजनेतर्फे नूतन हे सगळं जुळवून घेई. तिला तेवढंच बरं जमतं, असं तिचं स्वतःबद्दलचं मत होतं.

पैसे मात्र निम्म्याच इमारतींना पुरणारे होते. जिथे जास्त तापतं तिथे आधी, असं ठरलं. त्यासाठी प्रत्येक इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या एका घरात काडेपेटीएवढं यंत्र पंधरवडाभर टांगलं. ते आपोआप तापमान नोंदवायचं आणि आकडे कार्यालयात पोचवायचं. तीन नंबरच्या इमारतीतलं यंत्र नूतनने स्वतःच्या हातांनी भिकुबाईंकडे लावलं होतं. आकडे पाहून योजनेचे प्रमुख प्रेमराज सर यांनी तीन नंबर पुढच्या वर्षावर टाकला, आणि आज समोर चार नंबरपुढे डबे उतरले.

आता यंत्र परत आणायचं होतं आणि भिकुबाईंना सांगायचं होतं. नूतन जिना चढू लागली. प्रत्येक मजल्यावर हवा थोडी जड होत गेली.

दार उघडंच होतं.

"ये वं बाई, बस. उन्हामा कसाले फिरस?" भिकुबाईंनी पदरानं खुर्ची पुसली.

दाराच्या आत, कोपऱ्यात तिवईवर माठ होता. त्याला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं आणि जिन्यातून येणारी झुळूक त्याला लागूनच आत येत होती. खुर्ची माठाला खेटून ठेवलेली होती. नूतन बसली, तांब्यातलं पाणी प्यायली, आणि तिच्या मानेवरचा घाम हळूहळू वाळला. खरंच गार होतं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं म्हणायचं. घर तापतं असं माणसं बोलतात, सगळे बोलतात म्हणून बोलतात. तिला जरा हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचा लगेच संकोचही वाटला.

भिकुबाई स्वतः आत, पलंगाच्या पायाशी फरशीवर बसल्या होत्या. पदरानं वारा घेत होत्या.

"आखाजीले मनी पोर दिपमाला येणार शे," त्या म्हणाल्या. अक्षय्य तृतीया जवळ आली होती. "पहिलं बाळंतपन. माहेरलेच व्हवाले पाहिजे ना?"

"हो तर."

"व्याही चोपड्याना. लीलाधर आबा. गये महिनामा उनथा. ह्याच खुर्चीवर बसना, पानी पिना, बरं वाटनं त्याले. मंग विहीनबाई आत उनी, पलंगवर बसनी, वर दखं. म्हने, ह्या भट्टीमा आमनी सून ठेवशात का? आम्ही नही धाडाव." भिकुबाईंनी वारा घ्यायचं थांबवलं. "मी सांगी दिधं, आखाजीना आधी गच्ची पांढरी व्हई जाई. बाईनी सांगेल शे. मंग त्या बोलन्यात, व्हई गयी तं धाडसूत."

नूतनने रिकामा तांब्या खाली ठेवला. ठेवताना तो फरशीवर वाजला.

"अक्का, ते यंत्र द्या. परत न्यायचं आहे."

भिकुबाई उठल्या. पण पलंगाच्या बाजूच्या भिंतीकडे गेल्या नाहीत. त्या नूतनजवळ आल्या, तिच्या खांद्यावरून वाकल्या आणि माठ आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला. हातात आली एका पांढऱ्या हातरुमालाची पुरचुंडी. ओली होती. ती सोडताना आत एक प्लास्टिकची पिशवी निघाली आणि तिच्यात यंत्र.

नूतन त्या ओल्या रुमालाकडे बघत राहिली. मग तिनं पलंगावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिनं ठोकलेला खिळा तिथेच होता. त्याला धुतलेल्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यांची पिशवी टांगलेली होती.

"मी तर तिथे लावलं होतं."

"तठे तपी जाये ना ते!" भिकुबाईंना तिच्या अडाणीपणाचं हसू आलं. "वर स्लॅब. दुपारले हात लागत नही भिंतले. सरकारनं यंत्र, घरमा पाव्हना. त्याले उन्हामा कसं ठेवू? तू गयी नि मी आठे आनीसन ठेवं. रोज रुमाल ओला करू. बाजार समितीमा शेंगा निवडाले जाऊ तं शेजारनीले सांगी जाऊ. एक दिवस चुकू दिधा नही." त्यांनी आवाज खाली आणला. "मी म्हनं, त्याले आमना घरमा बरं वाटनं, तं आमनं काम लौकर व्हई."

नूतनला वाटलं, यावर आपल्याला हसता आलं असतं तर बरं झालं असतं.

ती उठली. पलंगाजवळ जाऊन खिळ्यावरची पिशवी काढली, उशाशी नीट ठेवली, आणि यंत्र कोरडं पुसून तिथे टांगलं. मग ती त्याच्याखाली पलंगावर बसली. डोक्यावरून कोणीतरी गरम तवा धरावा तशी झळ आली. तिनं फोन लावला.

"सर, तीन नंबरचे आकडे चुकलेत."

"यंत्र बिघडलं?"

"यंत्र ठीक आहे. जागा बदलली होती. माठामागे ठेवलं होतं."

"कोणी?"

नूतनने भिकुबाईंकडे पाहिलं. त्या ओला रुमाल हातात धरून उभ्या होत्या.

"माझं चुकलं, सर. लावून गेले, ते पुन्हा बघायला आले नाही."

"रंगाऱ्यांची टोळी चार नंबर झाला की जळगावला जाणार. आता मी कोणाला मागे टाकू? आणि अहवालावर सही तुझी आहे, नूतन. निस्तरावं तुलाच लागेल."

"हो."

"बरं, आकडे नव्यानं पाठव. टोळी आहे तोवर. मी कबूल काही करत नाही."

फोन बंद झाला. भिकुबाई जागच्या हलल्या नव्हत्या.

"मनामुयेच व्हयनं का हाई?"

"नाही अक्का. त्याला तुम्ही राहता तसंच ठेवायचं होतं. ते सांगायचं माझ्याकडून राहिलं."

"काम नही व्हनार होतं?"

"नव्हतं होणार."

"आते?"

"माहीत नाही. आकडे जातील. मग बघू."

भिकुबाई यंत्राकडे बघू लागल्या. त्याच्या पडद्यावरचा आकडा बदलत होता, सावकाश, पण एकाच दिशेनं. त्यांना वाचता येत होतं. एकदा न राहवून त्यांचा रुमालाचा हात वर गेला. यंत्राच्या जवळ जाऊन थांबला. मग त्यांनी तो रुमाल मागे नेऊन माठावर पसरला.

"तू तरी गारमा बस वं बाई. खुर्ची शे."

"बसते इथेच."

"मंग मी बी बसस."

दोघी पलंगावर बसून राहिल्या. पंखा फिरत होता आणि वरची गरम हवा खाली आणत होता. पलंगावर भिकुबाईंचा फोन वाजला. दिपमालाचं नाव दिसत होतं.

"काय सांगू तिले?"

"आज काही सांगू नका."

भिकुबाईंनी फोन वाजू दिला. तो थांबल्यावर त्यांनी दुपट्यांची पिशवी मांडीवर घेतली आणि एकेक दुपटं उगाचच उलगडून पुन्हा घडी घालू लागल्या. यंत्रानं चाळीस अंश ओलांडले तेव्हा त्यांनी तोंड फिरवून घेतलं. दारात आलेल्या पाहुण्याला उन्हात उभं केल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

"यंत्र इथून हलवायचं नाही, अक्का. झळ लागली तरी लागू द्या."

"नही हालवाव," भिकुबाई म्हणाल्या. "पन त्याले दखाले मी बसाव नही."

नूतन खाली आली तेव्हा ऊन जिन्याच्या पायऱ्यांपर्यंत पोचलं होतं. शालिग्राम नाना अजून डब्यावरच होते. समोरच्या इमारतीचा मुकादम दोनदा येऊन गेल्याचं त्यांनी आपण होऊनच सांगितलं.

"डबा दिधा नही त्याले," ते म्हणाले. मग तिच्या तोंडाकडे, घामानं भिजलेल्या केसांकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "परत देवाना व्हई तं दी टाकस. तुले तरास नको."

नूतनने समोर पाहिलं. मुकादम डबे मोजत होता. एक कमी भरत होता, आणि तो पुन्हा मोजत होता.

"सावलीत सरका, नाना," ती म्हणाली. "डबा तापू देऊ नका. खराब होतो."

नाना उठले, डबा दोन्ही हातांनी उचलला, आणि एक पायरी आत ठेवून पुन्हा त्याच्यावर बसले.